लिनक्स टाकायचंय? मग लॅपटॉप तिच्याच हातात द्या

कळव्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी पूर्ण अंध, बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला, विंडोजवर एनव्हीडीए (पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) मस्त चालवते, आता लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, शिकायचं म्हणतेय. भाच्याने जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलं पण ते बोलतच नाही, तर हा नाद सोडून तिला बँकेच्या परीक्षांना बसवू का, असं विचारतायत.

दादा, उबुंटूत स्क्रीन रीडर असतोच, फक्त चालू करावा लागतो. अल्ट, विंडोजचं बटण आणि एस एकत्र दाबा, ऑर्का हा त्यातला स्क्रीन रीडर बोलायला लागेल. आवाज यंत्रासारखा येईल, त्याचं तुम्हालाच वाईट वाटेल, तिला नाही, एनव्हीडीएवाल्यांना त्याची सवय असते.

पण माझं ऐकाल तर ते पुसून टाका आणि तिलाच डेबियन, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार, इन्स्टॉल करू दे. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू झालं की मेनूपाशी बीप वाजते, तिथे एस दाबून एंटर मारायचं, थोड्या वेळात इन्स्टॉलर स्वतः बोलायला लागतो, एकेक प्रश्न वाचतो, पर्यायांना नंबर असतात, नंबर टाइप करायचा की पुढे. आणि असं इन्स्टॉल केलं की नंतरचं डेस्कटॉपही बोलतं. डोळस माणूस लागतो तो फक्त त्याआधीच्या बूट मेनूला, म्हणजे मशीन पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं निवडतात तिथे, कारण तो मेनू बोलत नाही, तेवढं भाच्याने करावं आणि मग हात मागे घ्यावा. पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग पाडणं, चुकलं तर चुकलं, जुनं मशीन आहे, परत करेल की! सिस्टिम ॲडमिनच्या, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या, कामात दुसरं काय असतं.

आता नोकरीचं. ऐरोली-महापेच्या कंपनीत तिला बहुतेक विंडोजचाच लॅपटॉप मिळेल, म्हणून एनव्हीडीए सोडायचं नाही, उलट त्यातूनच एसएसएचने (नेटवर्कमधून दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायची सोय) लिनक्स सर्व्हरवर जायची सवय करायची. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, त्यात सगळा मजकूर, चित्रं-आयकॉन काही नाही, त्यामुळे तिथे ती डोळस मुलांच्या मागे पडायचं कारण नाही. हां, कमांडचं आउटपुट पानभर आलं की ऐकून ऐकून डोकं उठतं, तर ग्रेप या कमांडने हवं तेवढंच गाळून घेणं, फाइलमध्ये टाकून निवांत वाचणं हे तिला पहिल्या महिन्यातच जमायला हवं. ऐरोलीत डेटा सेंटर भरपूर आहेत, पण रॅक-केबलचं काम तिच्यासाठी बघू नका, रिमोट सपोर्ट आणि ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंग (वेबसाइट-ॲप दिव्यांगांना वापरता येतं का ते तपासणं) बघा. टेस्टिंगमध्ये रोज स्क्रीन रीडर वापरणारा माणूस लागतोच.

बँकेचा फॉर्म जरूर भरा, त्यासाठी हे सोडायची गरज नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत, त्या चारातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांना. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, हे कार्ड काढलं नसेल तर या सुट्टीत आधी ते काढून घ्या, फॉर्मच्या वेळी धावपळ नको.