“कॅन्सरची गोळी मला कशाला?”

प्रश्न : डॉक्टर, मी ४४ वर्षांची, कोल्हापुरात गंगावेशीत राहते. वर्षभर सकाळी तासभर बोटं मिटत नाहीत, भाकरी थापताना मनगटातून कळ येते. तपासणीत आमवात निघाला, मेथोट्रेक्सेट सुरू झालं. तीन आठवडे घेतलं, काडीचा फरक नाही. औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणाला, ही कॅन्सरची गोळी. दीर म्हणतात, प्रतिकारशक्ती मारणारं औषध कशाला घेता? घाबरून बंद केलं. चुकलं का? आणि आम्ही रोज रात्री कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जातो, ते चालेल ना?

उत्तर : ताई, चुकलंच. पण घाबरलात याचं नवल नाही. ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना आजच फोन करा आणि किती दिवस खंड पडला ते खरं खरं सांगा.

आमवातात राखणीची कुत्री घरच्याच कोंबड्या धरायला लागतात. शरीराची फौज स्वतःच्या सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. सूज राहिली तर हाड झिजतं, आणि झिजलेलं हाड परत भरत नाही. पहिली दोन वर्षं म्हणूनच मोलाची. औषध कुत्री मारत नाही, साखळी आखूड करतं. त्याला वेळ लागतो : सहा ते बारा आठवडे. तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून ते लागू पडत नाही, असं मुळीच नाही. मधल्या काळासाठी डॉक्टर कमी मात्रेचं स्टेरॉइड देतात, तेही मनाने एकदम बंद करू नका.

कॅन्सरचं म्हणाल तर ते अर्धं खरं. १९४० च्या दशकात अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्याच माणसाच्या चमूने हे औषध घडवलं, तेव्हा ते रक्ताच्या कॅन्सरसाठीच वापरलं गेलं. तिथे काही वेळा हजारो मिलिग्रॅम शिरेतून देतात. आमवातात आठवड्याला साधारण ७.५ ते २५.

‘आठवड्याला’ हा शब्द वाचून पुढे जाऊ नका. माझ्याकडे एक आजोबा आले होते. गोळ्यांच्या पाकिटावर कुणीतरी ‘रोज’ लिहिलं होतं. दहाव्या दिवशी तोंडभर फोड, आंबीलसुद्धा गिळवेना, रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली. आठ दिवस ॲडमिट ठेवावं लागलं, वाचले. तेव्हापासून मी कागदावर वाराचं नाव लिहून देते. बायका बहुधा ‘अंबाबाईचा शुक्रवार’ म्हणतात. कुणी विसरत नाही. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र वेगळ्या वारी. तिने मळमळ आणि तोंड येणं कमी होतं.

सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त तपासायचं : पेशी, यकृत, मूत्रपिंड. सगळं ठीक असेल तर पुढे दोन-तीन महिन्यांनी. हा खर्च टाळू नका. यकृत बिघडत असेल तर रुग्णाला कळायच्या आधी रक्तात दिसतं. ताप आला, छातीत कफ भरला, तर त्या आठवड्याची गोळी थांबवून डॉक्टरांना विचारा. लघवीच्या जळजळीसाठी कुणी गोळी दिली तर आधी ‘मी मेथोट्रेक्सेट घेते’ हे सांगा, ट्रायमेथोप्रिम असलेली गोळी यासोबत घातक ठरते. दिवस राहण्याची शक्यता असेल तर हे औषध चालत नाही, तेही मोकळेपणाने बोला. आणि गुडघेदुखीवर रामबाण म्हणून पुडीतून मिळणारी काळी-पांढरी पावडर घरात आणूच नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

आता दूध. कट्ट्यावर म्हशीच्या कासेतून थेट पेल्यात पडणारं फेसाळ दूध, त्याची ऊब, मला ठाऊक आहे, मीही इथलीच. पण कच्च्या दुधातून ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात, आणि तुमची फौज आता जरा मऊ आहे. कट्ट्यावर जा, गप्पा मारा, दूध मात्र किटलीत घरी आणा आणि चांगलं उकळून प्या. मिस्टरांनाही तसंच द्या.