वाचकांचे प्रश्न : कळांसाठी सुया, पायाळू बाळासाठी शेक

प्रश्न : पहिलंच बाळंतपण, ४० आठवडे होऊन दोन दिवस झाले. ४१ आठवडे भरले की कळांचं औषध सुरू करू, असं डॉक्टर म्हणतात. त्याआधी ॲक्युपंक्चर करून पाहू का? (सांगली)

उत्तर : डॉक्टरांना सांगून जरूर करा, मात्र ४१ आठवड्यांची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका. त्यानंतर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढत जातो. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात २२ चाचण्या तपासल्या होत्या. सुयांमुळे सिझेरियन टळतं असं त्यात दिसलं नाही. गर्भाशयाचं तोंड मऊ व्हायला थोडी मदत होत असावी, एवढाच संकेत मिळाला. 'दोन सिटिंगमध्ये कळा' अशी हमी देणाऱ्याकडे जाऊच नका.

सुया सहसा तीन ठिकाणी टोचतात : अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग, आतल्या घोट्याच्या वर स्वतःची चार बोटं मोजून नडगीच्या मागची कड, आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाजवळची जागा. वीस-तीस मिनिटं तशाच ठेवतात. उपाशीपोटी गेलात तर घेरी येते. उताणं झोपवलं तरी येते, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो. म्हणून डाव्या कुशीवर झोपा. थेंबभर रक्त किंवा निळसर डाग आला तर घाबरायचं कारण नाही.

याच जागा सातव्या-आठव्या महिन्यात घरी दाबत बसू नका. दिवस भरण्याआधी त्या टाळायच्या, असाच ॲक्युपंक्चरचा प्रघात आहे.

पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सुयांचा विचार सोडा आणि थेट दवाखाना गाठा. हेपारिनची (रक्त पातळ करणारी) इंजेक्शनं चालू असतील, वार (प्लासेंटा) खाली असेल किंवा आधीचं सिझेरियन असेल, तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय एकही सुई नको. आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तपासताना बोटाने बाळाच्या पिशवीचा पडदा सैल केला असेल, तर कळा त्यानेही येऊ शकतात; कळांचं श्रेय सुईला देण्याची घाई नको!

प्रश्न : ३४ वा आठवडा, बाळ पायाळू आहे. करंगळीला शेक दिल्याने फिरतं म्हणतात, ते खरं का? (पुणे)

उत्तर : पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते म्हणतात, त्यापेक्षा या शेकाला आधार बराच बरा आहे. याला मॉक्सा म्हणतात. आपल्या दवण्याच्या जातकुळीतल्या वनस्पतीच्या वाळक्या पाल्याची ही कांडी. पेटलेलं टोक पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरायचं. चीनमध्ये झालेली चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे ३३ व्या आठवड्यापासून प्रत्येक पायाला १५ मिनिटं, दिवसातून एकदा किंवा दोनदा, आठवडाभर शेक दिला. ३५ व्या आठवड्यात शेक घेतलेल्या १३० पैकी ९८ जणींची बाळं डोक्यावर आली होती. न घेतलेल्या १३० पैकी ६२ जणींची. म्हणजे जवळपास निम्मी बाळं काही न करताही फिरली, हेही ध्यानात असू द्या.

पोटामुळे तुमचा हात पायापर्यंत पोचणार नाही. कांडी घरच्या कुणाला धरू द्या. ऊब लागली पाहिजे, चटका नाही. मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल तर हे करू नका, भाजलेलं कळत नाही. धूर भरपूर होतो, दम्याच्या रुग्णाजवळ नको. विझवताना पाणी ओतलं की कांडी वाया जाते आणि नुसती झटकली तर आत धुमसत राहते. वाळूच्या डब्यात खुपसा. जुळी असतील किंवा वार खाली असेल तर हा प्रयोग नाही. बाळ फिरल्यासारखं वाटलं की थांबा आणि सोनोग्राफी करा.

३६-३७ आठवड्यांनाही फिरलं नाही, तर पोटावरून हाताने बाळ फिरवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. साधारण निम्म्या वेळा ते जमतं. हे दवाखान्यातच, बाळाचे ठोके तपासत करायचं काम. सुईणीच्या मालिशीवर सोडायचं नाही.

प्रश्न : माणूस जाणकार आहे हे कसं ओळखायचं? (नाशिक)

उत्तर : महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे, नोंदणी क्रमांक विचारा. सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातं का आणि वापरलेली सुई डब्यात टाकली जाते का, ते पाहा. आणि कितवा आठवडा आहे हे न विचारताच जो सुई उचलतो, त्याच्या टेबलावरून उठा.