रॅम भरपूर, तरी ‘मेमरी अपुरी’

प्रश्न : आमच्या छापखान्यातल्या जुन्या स्मरणिका पेजमेकर ६.५ (पानांची मांडणी करणारा जुना प्रोग्राम) मध्ये आहेत. त्या उघडण्यासाठी नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्राम) विंडोज ९८ सेकंड एडिशन बसवलं. कॉम्प्युटरला १६ जीबी रॅम आहे, म्हणून व्हर्च्युअल मशीनला २ जीबी दिली, तर ते सारखं रीस्टार्ट होतं. १ जीबीवर सुरू होतं, पण डॉस विंडो उघडायला गेलं की मेमरी अपुरी असल्याचा संदेश येतो. रॅम आणखी वाढवावी का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : वाढवू नका, कमी करा. सरळ २५६ एमबी ठेवा. पेजमेकर आणि मराठी फॉन्ट यांना तेवढी ऐसपैस होते.

विंडोज ९८ कडे मेमरीचे पत्ते (मेमरीतल्या जागांचे क्रमांक) एकूण ४ जीबीचे. त्यातला सर्वांत वरचा १ जीबी सिस्टिमसाठी राखलेला. फाइल कॅश (डिस्कवरची माहिती पटकन मिळावी म्हणून रॅममध्ये ठेवलेला साठा) सांभाळणारा ‘व्हीकॅश’ हा ड्रायव्हर सुरुवातीलाच रॅम किती आहे ते बघतो आणि त्या हिशेबाने याच १ जीबीतले पत्ते अडवून ठेवतो. रॅम जितकी जास्त, तितके पत्ते जास्त अडतात. डॉस विंडोलाही पत्ते तिथूनच लागतात. ते मिळाले नाहीत की संदेश येतो मेमरी संपल्याचा. प्रत्यक्षात रॅम मोकळीच असते, संपलेले असतात पत्ते. ५१२ एमबीच्या पुढे हा त्रास सुरू होतो आणि दीड जीबीच्या वर मशीन तुमच्यासारखं रीस्टार्टच्या फेऱ्यात अडकू शकतं.

मशीन पूर्ण शटडाउन करा. सेटिंग्ज, सिस्टिम, मदरबोर्ड या क्रमाने जाऊन बेस मेमरी २५६ करा. तो आकडा बदलता येत नसेल, तर मशीन ‘सेव्ह्ड’ अवस्थेत, म्हणजे चालू असतानाच थांबवून जपलेलं आहे. ते चालू करून आतून नीट बंद करा. ती अवस्था नुसती टाकून देणं म्हणजे चालत्या कॉम्प्युटरची वीज घालवणं. बदलानंतर माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, तिथे नवा आकडा दिसला पाहिजे.

जास्त रॅम द्यायचीच असेल, तर विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम डॉट आयएनआय (system.ini) फाइलची आधी प्रत काढा. मग ‘व्हीकॅश’ ([vcache]) विभागाखाली ‘मॅक्सफाइलकॅश=१३१०७२’ (MaxFileCache=131072) ही ओळ घाला. आकडा केबीमध्ये असतो, म्हणजे कॅशला १२८ एमबीची मर्यादा. ‘३८६एन्ह’ ([386Enh]) विभागात ‘मॅक्सफिजपेज=२००००’ (MaxPhysPage=20000) घातलं, तर विंडोज ५१२ एमबीच्या वरची रॅम वापरतच नाही. हा आकडा षोडशमान (दहाऐवजी सोळाच्या पायाच्या) पद्धतीतला आणि ४ केबीच्या पानांचा, म्हणजे मेमरीच्या तुकड्यांचा आहे. दशमान समजून हिशेब केला की घोटाळा होतो. ओळी अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत टाइप करायच्या. विभाग आधीपासून असतो, त्याच्याखालीच लिहा. त्याच नावाचा दुसरा विभाग खाली काढलात तर तो वाचला जात नाही. विंडोज सुरूच होत नसेल, तर स्टार्टअपला एफ ८ दाबून ‘कमांड प्रॉम्प्ट ओन्ली’ निवडा आणि एडिट कमांडने फाइल उघडा.

प्रश्न : ३२-बिट विंडोज एक्सपीच्या व्हर्च्युअल मशीनला ८ जीबी दिली, तरी साडेतीन जीबीच्या आतच दिसते. बाकीची कुठे गेली?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ती नुसती अडकून पडली आहे. ३२-बिट एक्सपी ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांवरची रॅम वापरत नाही आणि त्या ४ जीबीतलाही वरचा भाग ग्राफिक्स कार्डासारख्या उपकरणांसाठी जातो. पीएई (३२-बिट विंडोजला ४ जीबीच्या वरचे पत्ते वापरू देणारी सोय) चालू करूनही एक्सपीत ही मर्यादा हटत नाही. ड्रायव्हर बिघडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने ती मुद्दाम ठेवली. शिवाय एका प्रोग्रामच्या वाट्याला साधारणपणे २ जीबी पत्तेच येतात. जुन्या अकाउंटिंग किंवा डीटीपीच्या कामाला १ जीबी पुरते, उरलेली मूळ कॉम्प्युटरकडेच राहू द्या.