फायनान्स शिकायला निघालेल्यास

प्रिय मित्रा,

प्रवेश पक्का झाला आणि विषयही ठरला: भांडवल बाजार आणि कॉर्पोरेट फायनान्स. आता वर्ग सुरू होईपर्यंत ऑप्शन आणि हेज फंडांमागे लागू नकोस. आधी हिशेब पक्का कर. स्वतःची परीक्षा अशी घे: घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी दरवर्षी धरला जाणारा खर्च) 10 ने वाढला, कर 25 टक्के, तर नफा-तोटा, रोख प्रवाह आणि ताळेबंद या तिन्ही पत्रकांत काय बदलतं? नफा साडेसातने घटतो. घसाऱ्यात रोकड जात नाही आणि कर अडीचने कमी भरावा लागतो, म्हणून रोख अडीचने वाढते. ताळेबंदात यंत्रसामग्री 10 ने उतरते, रोख अडीचने चढते, राखीव नफा साडेसातने घटतो. दोन्ही बाजू जुळतात. हे कागद न घेता सांगता आलं, की पहिलं सत्र निम्मं सोपं झालं म्हण.

त्यानंतर खेळतं भांडवल, म्हणजे रोजच्या व्यवहारात अडकलेला पैसा. वर्षाला 1,200 ची विक्री करणारी कंपनी ग्राहकांना 30 ऐवजी 60 दिवसांची उधारी देऊ लागली, तर येणी (ग्राहकांकडून यायची रक्कम) 100 वरून 200 वर जातात. नफ्यात फरक शून्य, पण 100 रोख अडकली. नफ्यातल्या कंपन्या बुडतात त्या बहुधा इथेच, आणि विद्यार्थ्यांची मॉडेलंही इथेच चुकतात: येणी वाढली की रोख वजा करायची असते, ती घाईत अधिक केली जाते.

आता व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची किंमत काढणं. सगळ्यात जास्त वेळ इथे दे. पाच वर्षं दरसाल 100 रोख, डिस्काउंट रेट (पुढची रक्कम आजच्या मूल्यात आणणारा दर) 10 टक्के, त्यापुढे कायम 3 टक्के वाढ असं धर. पहिल्या पाच वर्षांचं आजचं मूल्य 379 येतं आणि पुढच्या अनंत काळाचं 914. एकूण 1,293, म्हणजे सत्तर टक्क्यांहून जास्त किंमत तू अंदाजही न बांधलेल्या वर्षांत बसली आहे. वाढीचा दर 3 चा 4 कर, एकूण 1,455 होतं. एका टक्क्याने किंमत साडेबारा टक्के फुगली! म्हणून विक्रीचा अंदाज दशांशापर्यंत कोरत बसण्यापेक्षा या एका आकड्याची बाजू मांडायला शीक. कायमची वाढ अर्थव्यवस्थेच्या वाढीपेक्षा जास्त धरलीस, तर कधीतरी ती कंपनी अख्ख्या अर्थव्यवस्थेपेक्षा मोठी होणार. प्राध्यापक हे पहिल्या मिनिटाला पकडतात.

दुसरी चूक अंश आणि छेदाची गल्लत: वर रोख प्रवाह एका प्रकारचा, खाली दर दुसऱ्याच प्रकारचा. व्याज देण्याआधीचा रोख प्रवाह असेल तर कर्ज आणि भागभांडवल मिळून भांडवलाचा सरासरी खर्च लावायचा. व्याज आणि कर्जफेड वजा केलेला असेल तर फक्त भागधारकांना अपेक्षित असलेला परतावा. महागाई धरलेल्या प्रवाहाला महागाई वगळलेला दर लावायचा नाही. सरासरी काढताना भागभांडवलाचं वजन बाजारभावाने धर, पुस्तकी किमतीने नको. दुसऱ्या कंपनीचा बीटा (बाजार हलला की तिचा शेअर किती हलतो याचं माप) जसाच्या तसा उचलू नकोस. तिचा बीटा 1.2, कर्ज आणि भागभांडवल सारखंच, कर 25 टक्के असेल, तर कर्जाचा परिणाम काढल्यावर 1.2 भागिले 1.75 (1 अधिक करानंतरचे 0.75), म्हणजे सुमारे 0.69 उरतो. तुझ्या कंपनीचं कर्ज भागभांडवलाच्या पाव असेल, तर तो पुन्हा 0.81 होतो. 1.2 आणि 0.81 यांतला फरक किरकोळ नाही.

बाजाराच्या विषयात सुरुवात बॉण्डपासून (ठरावीक व्याज देणाऱ्या कर्जरोख्यापासून) कर, शेअरपासून नको. दहा वर्षांचा, वर्षाला 6 टक्के व्याजाचा बॉण्ड घे आणि त्याची किंमत हाताने काढ. बाजारदर 6 असताना 100. दर 7 झाला की 92.98, 5 झाला की 107.72. दर तेवढाच हलला, पण किंमत पडली सात आणि चढली पावणेआठ. ही तफावत का, हे आकृती काढून समजून घेतलंस, की कॉन्व्हेक्सिटी (दर आणि किंमत यांच्या नात्यातला हा बाक) पाठ करावी लागत नाही.

मोदिल्यानी आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांचा 1958 चा सिद्धांत ऐकून वर्गात हसू फुटतं: कर्ज किती घेतलं याने कंपनीची किंमत बदलत नाही म्हणे! तो वास्तवाचं वर्णन म्हणून वाचू नकोस. कर नाही, दिवाळखोरीचा खर्च नाही, सगळ्यांना सारखीच माहिती, अशी त्याची गृहीतकं आहेत. एकेक काढत जा. कॉर्पोरेट फायनान्सचा उरलेला बराचसा अभ्यासक्रम त्या फटींतून बाहेर येतो.

स्प्रेडशीटबद्दल थोडंच. गृहीतकं एका पानावर, सूत्रांत आकडा कोंबायचा नाही. व्याज सरासरी कर्जावर काढलंस तर सूत्र स्वतःभोवती फिरू लागतं, कारण व्याजावर कर्ज आणि कर्जावर व्याज अवलंबून राहतं; आरंभीच्या कर्जावर काढ, शिकताना तेवढं पुरे. ताळेबंद जुळत नसेल तर फरकाला 2 ने भागून बघ: ती रक्कम कुठे सापडली, तर तिथे चिन्ह उलटं पडलंय.

आणि दर सत्रात एका कंपनीचा वार्षिक अहवाल शेवटाकडून वाच. आधी हिशेबांखालच्या टिपा: कर्जफेडीच्या तारखा, संभाव्य देणी, संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार. मग रोख प्रवाह, मग नफा. अध्यक्षांचं पत्र शेवटी, वेळ उरला तर.

तुझा,
एक जुना शिक्षक