समपक्ष, सिस् आणि झेड: एकाच गोष्टीची तीन नावं?

प्रश्न असा आला आहे: अल्कीनच्या (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या संयुगाच्या) भौमितिक समघटकांना, म्हणजे रेणुसूत्र एकच पण बंधाभोवती गटांची मांडणी वेगळी अशा रूपांना, कुठे समपक्ष-विपक्ष म्हणतात, कुठे सिस्-ट्रान्स, तर कुठे झेड-ई. झेड म्हणजेच समपक्ष ना? मग मराठीत लिहिताना सरसकट समपक्ष-विपक्ष लिहिलं तर काय बिघडलं?

पहिल्या दोन जोड्या एकच आहेत. तिसरी वेगळी आहे, आणि बिघडतं ते तिथेच.

सिस् आणि ट्रान्स हे लॅटिन शब्द. त्यांना तंतोतंत जुळणारे मराठी शब्द कोणते, तर अलीकडे आणि पलीकडे. आजच्या उत्तर इटलीला रोमन लोक गॅलिया सिसाल्पिना म्हणत, म्हणजे आल्प्सच्या अलीकडचा गॉल. डोंगर ओलांडला की ट्रान्साल्पिना. बोलणारा रोमच्या बाजूला उभा आहे हे त्यात गृहीतच. रेणूत मात्र बोलणारा कुठेच उभा नसतो. तिथे विचारायचं एवढंच, की दोन गट दुहेरी बंधाच्या एकाच अंगाला आहेत की विरुद्ध अंगांना. म्हणून मला 'समपक्ष' हा शब्द मूळ लॅटिनपेक्षाही सरस वाटतो: 'सम' म्हटलं की बघणाऱ्याची गरजच उरत नाही. शिवाय कुणी 'अलीकडचं ब्यूटीन' लिहिलं असतं, तर ते कालपरवा तयार केलंय असं वाटलं असतं!

जाता जाता: न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, 'सपक्ष' आणि 'विपक्ष' अशी जोडी आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, या अनुमानात स्वयंपाकघर सपक्ष (तिथे आग असते) आणि तळं विपक्ष (तिथे नसते). रसायनातला शब्द 'समपक्ष' आहे, त्यातला 'म' गाळू नये.

आता शब्दामागची गोष्ट. एकेरी बंधाभोवती गट सहज फिरतात, दुहेरी बंधाभोवती नाही. तो पीळ द्यायला मोलमागे साधारण 260 किलोज्यूल लागतात. त्यामुळे 2-ब्यूटीनमधले दोन मिथाइल गट एकदा एका बाजूला बसले की तिथेच राहतात. अट एकच, बंधातल्या प्रत्येक कार्बनवर दोन वेगवेगळे गट हवेत. प्रोपीनच्या एका टोकाला दोन्ही हायड्रोजनच, म्हणून तिथे हा प्रश्नच येत नाही.

हा फरक कागदापुरता नाही. मलेइक आणि फ्युमॅरिक आम्लांचं रेणुसूत्र एकच, तरी त्यांना पहिल्यापासून वेगळी नावं मिळाली, कारण ते पदार्थ वेगळेच वागतात. मलेइक सुमारे 135 अंश सेल्सिअसला वितळतं आणि पाण्यात भरपूर विरघळतं. फ्युमॅरिकला 287 च्या आसपास जावं लागतं आणि पाण्यात ते जेमतेम विरघळतं. मलेइकमधले दोन आम्लगट शेजारी-शेजारी असल्याने तापवलं की पाण्याचा रेणू सोडून त्यांचं कडं बनतं. फ्युमॅरिकमधले गट विरुद्ध टोकांना, त्यांची भेट होणार कशी? इथे समपक्ष आणि विपक्ष हे शब्द चपखल बसतात.

चपखल का, तर दोन्ही कार्बनवर एक-एक सारखा गट आहे. 'सम' ठरवायला जोडी लागते. चारही गट वेगळे असले तर कोणाची बाजू कोणाशी ताडायची? आणि याहून फसवं उदाहरण म्हणजे 1-ब्रोमो-1,2-डायक्लोरोइथीन. एका कार्बनवर ब्रोमीन आणि क्लोरीन, दुसऱ्यावर क्लोरीन आणि हायड्रोजन. दोन्ही क्लोरीन एकाच बाजूला असलेला समघटक घ्या. कुणीही त्याला समपक्ष म्हणेल, आणि त्याचं ते म्हणणं चूकही नाही. पण या समघटकाच्या नावात अक्षर येतं ते ई!

कारण झेड-ई वेगळाच प्रश्न विचारतात. सारखे गट कुठे आहेत हे नव्हे, तर प्रत्येक कार्बनवरचा वरच्या मानाचा गट कुठे आहे हे. मान ठरवण्याचे नियम कान, इंगोल्ड आणि प्रेलॉग यांचे: थेट जोडलेल्या अणूचा अणुअंक ज्याचा मोठा, तो वरचा. ब्रोमीन 35, क्लोरीन 17, हायड्रोजन 1. वरच्या उदाहरणात एकीकडे ब्रोमीन जिंकतो, दुसरीकडे क्लोरीन, आणि हे दोघे आहेत विरुद्ध बाजूंना. म्हणून ई. गटाचा आकार इथे मोजत नाहीत, हे विद्यार्थी हमखास विसरतात. फ्लोरीनचा एकटा अणू भल्यामोठ्या टर्शरी-ब्यूटाइल गटाला मागे टाकतो.

ही अक्षरं जर्मन शब्दांची आद्याक्षरं आहेत: झेड 'त्सुझामेन'चं, म्हणजे एकत्र, ई 'एन्टगेगेन'चं, म्हणजे विरुद्ध. गंमत अशी की रोमन झेडची दोन टोकं विरुद्ध दिशांना जातात आणि ईच्या काड्या सगळ्या एकाच बाजूला, म्हणजे अक्षराचा आकार बरोब्बर उलटं सुचवतो. मी लक्षात ठेवतो ते असं: झेड म्हणजे झुंबड, ई म्हणजे इकडे-तिकडे. (ऱ्हस्व-दीर्घाची माफी असावी.)

तेव्हा झेडचं भाषांतर 'समपक्ष' करू नये, इतकंच नव्हे तर करूच नये. ते शब्द नाहीत, खुणा आहेत. झेड आणि ई तशाच ठेवाव्यात. समपक्ष-विपक्ष मजकुरात, जोडी उघड दिसते तिथे वापरावेत. बाकी 'भौमितिक समघटक' हे नाव आपल्याकडे रुळलेलं आहे, पण आयुपॅकला (रसायनातली नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला) त्याचं इंग्रजी रूप आता मुळीच पसंत नाही. तिथे सिस्-ट्रान्स समघटकता म्हणावं असा सल्ला आहे. मराठीत 'समपक्ष-विपक्ष समघटकता' लांबलचक वाटते खरी, पण तीत अर्थ तरी पुरता सांगितलेला असतो.

राहिला शेवटचा उपप्रश्न, ट्रान्स फॅटला 'विपक्ष मेद' म्हणावं का? शास्त्रदृष्ट्या बिनचूक आहे. त्या साखळीतल्या दुहेरी बंधाच्या प्रत्येक कार्बनवर एक-एक हायड्रोजन असतो, त्यामुळे गोंधळाला जागाच नाही. समपक्ष ओलेइक आम्ल साधारण 13 ते 16 अंशांना वितळतं, त्याचंच विपक्ष भावंड इलायडिक 45 च्या आसपास. पण वाचणाऱ्याला तो विरोधी पक्षाचा मेद वाटेल. ट्रान्स फॅटच लिहा.