सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमधल्या (नेटवर्कला जोडलेली, डिस्क असलेली साठवणपेटी) डिस्क तशाच क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीच्या नॅसमध्ये लावल्या तर डेटा दिसेल का?

नाही दिसणार. उलट क्यूनॅप त्या डिस्क इनिशियलाइझ (नव्याने तयार) करायला सांगेल, आणि तुम्ही हो म्हटलंत की सगळं पुसलं जाईल. दोघांच्याही आत सहसा लिनक्सचंच सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत) असतं, पण पार्टिशन (डिस्कचे भाग) आणि व्हॉल्यूमची (त्यावरची साठवणजागा) मांडणी ज्याची त्याची वेगळी. तेव्हा क्यूनॅपमध्ये नव्या डिस्क घाला आणि आरसिंकने (फायली कॉपी करायचा प्रोग्रॅम) नेटवर्कवरून कॉपी करा. गिगाबिट लॅनवर सेकंदाला फार तर ११० एमबी मिळतात, म्हणजे ४ टीबीला दहा तास तरी धरा. बारीक फायली भरपूर असतील तर बरेच जास्त. जुना नॅस मेला असेल, तर डिस्क उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) असलेल्या पीसीला जोडून वाचायची पद्धत सिनॉलॉजीच्याच मदत-पानांवर आहे. सिनॉलॉजीतून सिनॉलॉजीत मात्र बऱ्याच मॉडेलांत डिस्क थेट हलवता येतात, क्रम तोच ठेवून. बॅकअप तरीही आधी.