इंग्लंडमधला निवडून आलेला पोलीस कमिशनर म्हणजे आपला पोलीस आयुक्तच का? घरफोडीचा तपास होत नसेल तर त्याच्याकडे जावं का?

नाही. आपला आयुक्त वर्दीतला आयपीएस अधिकारी. इथला ‘पोलीस अँड क्राइम कमिशनर’ दर चार वर्षांनी मतांवर निवडून येतो. चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे दलाचा प्रमुख, नेमणं-काढणं, दलाचं बजेट आणि कौन्सिल टॅक्समधला (इथल्या घरपट्टीतला) पोलिसांचा वाटा त्याच्या हातात. याला पकडा, त्याला सोडा, हे तो सांगू शकत नाही.

घरफोडीचं विचारलंत म्हणून लिहितेय. २०१८ च्या दिवाळीत आमचं घर फोडलं. सासूबाईंच्या पाटल्या, माझं मंगळसूत्र, लेकीचे बारशातले वाळे, सगळं गेलं. पोलिसांनी फोनवर क्राइम नंबर दिला आणि चौथ्या दिवशी तपास बंद केल्याचं पत्र. कोपऱ्यावरच्या दुकानाचा कॅमेरासुद्धा कुणी पाहिला नाही. कमिशनरला लिहिलं, तर उत्तर आलं की तपास हा चीफ कॉन्स्टेबलचा विषय. मग कमिशनरच्या जाहीर सभेला गेले, कौन्सिल टॅक्सचं बिल हातात घेऊन. त्यावर पोलिसांचा आकडा वेगळा छापलेला असतो. म्हटलं, हा तुम्ही वाढवलात, मग सोन्यासाठी आमच्या भागातली किती घरं फुटली ते सांगा. सांगता आलं नाही. महिन्याभराने लेखी आलं : अकरा. आमच्यासारखीच अकरा घरं, आणि तोवर कुणी मोजलीही नव्हती! नंतर पोलीस आमच्या गल्लीत घरोघर येऊन गेले. दागिने मिळाले नाहीत.

माझे दीर अजून म्हणतात, पोलिसांच्या डोक्यावर पुढारी नकोच. भाऊजी, आपल्याकडे गृहमंत्री निवडूनच येतो की. इथे निदान बदल्या आणि अटका कमिशनरच्या हातात नाहीत, आणि जाब विचारायला माणूस ठरलेला आहे. पण ते मतालाच जात नाहीत, ‘आपण परके’ म्हणून. भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्यालाही या निवडणुकीत मत आहे. २०१२ च्या पहिल्या निवडणुकीत जेमतेम १५ टक्के मतदान झालं. घरी बसणाऱ्यांनी मग पोलीस ऐकत नाहीत म्हणू नये.

हो, लंडन आणि ग्रेटर मँचेस्टरमध्ये हे काम मेयरकडे असतं, स्कॉटलंडमध्ये हे पदच नाही. आणि सरकारने २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केलंय की मे २०२८ मध्ये हे पद बंद करणार, काम मेयर किंवा कौन्सिलच्या नेत्यांकडे जाईल. तुमचं प्रकरण ताजं असेल तर आधी पोलिसांकडेच लेखी तक्रार करा. तिचा निकाल पटला नाही, तर फेरतपासणी बहुतेक वेळा कमिशनरच्या कार्यालयाकडे मागता येते. २०२० पासूनची सोय आहे ही, मला मिळाली नव्हती. मुदत २८ दिवसांची असते, पत्र आलं की तारीख लिहून ठेवा.